दोघांनी आफ्रिकेत स्वयंसेवक म्हणून जायचं असेल तर: पूर्व झांबियातल्या दोन वर्षांवरून

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवऱ्याला मलावीत शेती प्रशिक्षणाचं दोन वर्षांचं काम मिळालं आहे. पत्नी बँकेतली नोकरी सोडून ‘सोबत’ जाणार आहे. दोघं तिशीतली, मूल अजून नाही, शाकाहारी. तिथला रोजचा दिवस कसा जातो, खायचं काय आणि दोघांच्या नात्यावर ताण येतो का, हे तुम्ही विचारलं आहे.

आम्ही दोघं २०११ ते २०१३ मलावीच्या शेजारी, झांबियाच्या पूर्व प्रांतात होतो. कातेते नावाचं गाव, राजधानी लुसाकाहून ग्रेट ईस्ट रोडने सुमारे ५०० किलोमीटर. बसला जवळजवळ अख्खा दिवस लागायचा. तिथली चेवा माणसं, त्यांची भाषा आणि जेवण सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना जवळपास एकच आहे, त्यामुळे माझं बरंचसं तुम्हाला लागू पडेल. मी परिचारिकांना शिकवायला गेले होते. यजमान मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात होते. त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि ते माझ्या ‘सोबत’ आले. म्हणजे तुमच्या पत्नी आज ज्या जागी उभ्या आहेत, त्या जागी तेव्हा हे होते. म्हणून मी सुरुवात जेवणापासून न करता या शब्दापासून करते.

पहिले चार महिने मी सकाळी सातला बाहेर पडायचे आणि हे घरी राहायचे. कागदावर त्यांचं काम काहीच नव्हतं. संध्याकाळी मी दमून यायचे, माझ्याकडे सांगायला शंभर गोष्टी, आणि त्यांच्याकडे दिवसभरात पाणी किती वाजता आलं आणि वीज किती वाजता गेली एवढंच. ज्या माणसाला तालुक्यातल्या प्रत्येक हापशाची खोली पाठ होती, तो माणूस खिडकीशी बसून माझी वाट बघत होता. आमच्यात भांडण झालं नाही, पण बोलणं कमी झालं. एकटेपणा काय असतो ते मला तिथे कळलं, आणि तो माझा नव्हता.

दिवसाचं म्हणाल तर तो अंगणं झाडण्याच्या आवाजाने सुरू होतो. पाचच्या सुमारास प्रत्येक घरापुढची लाल माती बायका स्वच्छ झाडून काढतात. पाणी नळाला दोनेक तास यायचं, तेवढ्यात पिंप, बादल्या, पातेली भरून घ्यायची. पिण्याचं उकळून गाळायचं. वीज असेल तर शेगडी, नसेल तर ‘म्बाऊला’, म्हणजे पत्र्याची कोळशाची शेगडी. ती पेटायला वेळ लागतो, त्यामुळे चहा सहाला हवा तर साडेपाचला फुंकर घालायला बसायचं. वाळत घातलेले कपडे वाळले की दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करायची, आतल्या कपड्यांनासुद्धा. तिथे पुत्सी नावाची माशी ओल्या कपड्यांवर अंडी घालते आणि अळी कातडीत शिरते. गळवासारखी गाठ येते. इस्त्रीच्या उष्णतेने अंडी मरतात. वीज नसेल त्या दिवशी कोळशाची इस्त्री. घर चालवायलाच दिवसाचे तीन-चार तास जातात. ते कामाच्या आड येतात असं पहिले काही आठवडे वाटतं, पण तेच तास तुम्हाला शेजाऱ्यांच्या बरोबरीला आणतात.

घराबाहेर पडलं की नमस्कार. हा विषय लहान वाटतो, पण याच्यावर सगळं उभं आहे. पहिल्या आठवड्यात मी दुकानात जाऊन थेट विचारलं, मेणबत्त्या आहेत का? दुकानदार शांतपणे म्हणाला, “मुली ब्वांजी?” कशा आहात? मी उत्तर दिलं, पुन्हा मेणबत्त्यांचं विचारलं. तो थांबून राहिला. मग कळलं, मी उलट त्याची खुशाली विचारलेली नाही. “न्दिली ब्विनो, काया इनू?” मी बरी आहे, आणि तुम्ही? एवढं झाल्यावरच मेणबत्त्या. कोणाच्या दारात गेलात तर कडी वाजवायची नाही, अंगणाच्या कडेला उभं राहून “ओडी!” म्हणायचं आणि आतून बोलावणं येईपर्यंत थांबायचं. माझ्या विद्यार्थिनी वही देताना गुडघे टेकायच्या. मला संकोच व्हायचा, मी त्यांना उठवायचे. एका ज्येष्ठ मेट्रनने बाजूला घेऊन सांगितलं, मुलींना थांबवू नका, त्यांच्या आईने शिकवलेलं आहे ते. तुम्ही फक्त दोन्ही हातांनी घ्या. तेव्हापासून मी दोन्ही हातांनी घेऊ लागले.

आता हापशाची गोष्ट सांगते, कारण आमचं तिथलं सगळं आयुष्य तिच्यावरून फिरलं.

नळाला चार दिवस पाणी आलं नाही, तेव्हा हे दोन कॅन घेऊन जवळच्या वस्तीतल्या हापशावर गेले. तिथे सगळ्या बायका आणि मुली. पुरुष पाण्याला येतो म्हटल्यावर गडबड उडाली. एकीने विचारलं, बायको आजारी आहे का? दुसरीने कॅन हातातून घेऊन भरून दिले. संध्याकाळी तीन जणी ‘ओडी’ म्हणत माझी तब्येत बघायला आल्या. आमच्या घरी हे नेहमीच पाणी भरतात, हे मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण मला कसंतरी झालं: माझ्या घरची पद्धत त्यांच्या डोळ्यांत माझा कमीपणा होती. आम्ही ती बदलली नाही. मात्र त्यानंतर मी पण बरोबर जायला लागले, आणि हे हापशाकडे बारकाईने बघायला लागले. चौथ्या-पाचव्या दिवशी ते घरी येऊन म्हणाले, “अगं, हा आपला जालन्याचा पंप आहे.”

वाचकांपैकी अनेकांना हे माहीत नसेल म्हणून सांगते. विंधनविहिरींवर आधी जे बिडाचे पंप बसत, ते एका कुटुंबाच्या वापरापुरते असत. अख्खं गाव त्यावर पाणी भरू लागलं की ते मोडत. १९७० च्या आसपास जालन्यातल्या मिशनच्या लोकांनी पोलादी पंप तयार केला. सोलापुरात तो सुधारला, आणि त्यावरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क दोन’ तयार झाला. तोच आज आफ्रिकेतल्या अनेक देशांत आहे, झांबियात तर सगळीकडे. (मलावीत तुम्हाला बहुतेक ‘आफ्रिदेव’ हा दुसरा हातपंप दिसेल, तो मलावीतल्याच कामातून आकाराला आलेला.) ज्या पंपाचं कप वॉशर, चेन, बेअरिंग ह्यांच्या हाताखालून वर्षानुवर्षं गेलं, तो पंप सहा-सात हजार किलोमीटर दूर त्यांच्या दारात उभा होता. मी त्यांना इतकं आनंदलेलं चार महिन्यांत पाहिलं नव्हतं.

तिथे गावच्या पाणी समितीखाली पंप दुरुस्त करणारे स्थानिक मिस्त्री असतात. हे त्यांच्याकडे गेले. शिकवायला म्हणून नव्हे, पाइप उचलायला हात लागतात म्हणून. मार्क दोनचं वॉशर बदलायचं तर तीन-तीन मीटरचे सगळे लोखंडी पाइप वर ओढावे लागतात, तिथे जितके हात तितके थोडे. आम्हाला पाठवणाऱ्या संस्थेकडून लेखी परवानगी यायला आणखी दोन महिने गेले. ती मागून घ्या. जोडीदाराच्या परवान्यावर काम करता येतं का, बिनपगारी काम चालतं का, हे प्रत्येक देशात वेगळं असतं आणि तोंडी उत्तरावर राहू नये.

याच सुमाराला मला जे कळलं, ते तुम्हाला सांगण्यासाठीच खरं तर हे लिहायला बसले. त्या भागात मयत झाली की सगळं काम थांबतं. झांबियात तेव्हा प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे १३ टक्के होतं. उपचार मिळू लागले होते, तरी मयती पुष्कळ. सुरुवातीला तास रद्द झाले की मी अस्वस्थ व्हायचे. मग शेजारणीबरोबर जाऊ लागले. बायका घरात जमिनीवर बसतात, चितेंगे, म्हणजे कमरेभोवती गुंडाळायचं छापील कापड, गुंडाळून. पुरुष बाहेर, शेकोटीभोवती. रात्रभर. मी आत, हे बाहेर. घरी येऊन बोलायला लागलो तेव्हा लक्षात आलं की आम्ही एकाच मयतीला जाऊन दोन वेगवेगळ्या गावांतून परत आलो आहोत.

बाहेर पुरुष ह्यांना सांगायचे, आमचा पंप उत्तम चालतो. समितीच्या वहीतही तसंच. आत बायका मला सांगायच्या, त्या पंपाचं पाणी आम्ही स्वयंपाकाला घेत नाही, चहा काळा पडतो, न्शिमा (मक्याच्या पिठाचा गोळा, रोजचं जेवण) लालसर होते, कपड्यांवर डाग पडतात. त्या खड्ड्यातलं पाणी आणत होत्या. कारण ह्यांना ऐकताक्षणी कळलं: तिथल्या काही ठिकाणी पाणी आम्लधर्मी आहे, ते लोखंडी पाइप खातं आणि पाण्यात लोह उतरतं. पंप चालू, आणि तरीही त्यातून कोणी पीत नाही. पुरुष समितीत बसतात पण पाणी भरत नाहीत. बायका पाणी भरतात पण सभेत मागे बसून गप्प राहतात. एकट्या आलेल्या कोणत्याही अभियंत्याला हे कळायला वर्ष लागलं असतं.

उलट बाजूनेही तसंच झालं. आमच्या रुग्णालयाशेजारी गरोदर बायकांसाठी निवारा होता. दूरच्या गावांतल्या बायकांनी दिवस भरत आले की तिथे येऊन राहायचं, म्हणजे अडल्यावर धावाधाव नको. जानेवारी-फेब्रुवारीत तिथे कोणी येईना. माझ्या विद्यार्थिनी आणि मी आरोग्यशिक्षणाचे तक्ते बनवत बसलो होतो. हे शेकोटीवरून ऐकून आले की ते महिने उपासमारीचे असतात. जुना मका संपलेला, नवा एप्रिलशिवाय नाही, शेतात खुरपणी ऐन भरात. निवाऱ्यात येणाऱ्या बाईला स्वतःचं पीठ आणावं लागतं, आणि घरातल्या शेवटच्या पिठातलं पीठ नवरा कसं काढून देणार? मला कोणत्याही बाईने हे सांगितलं नव्हतं. घरात पीठ नाही हे परक्या बाईला सांगायचं नसतं. तक्ते बाजूला ठेवले. रुग्णालयाच्या आवारात भाज्या आणि भुईमूग लावायला सुरुवात झाली. प्रश्न त्याने मिटला नाही, पण तो नेमका काय आहे ते तरी आम्हाला समजलं.

म्हणून म्हणते, दोघांनी जाण्याचा मोठा फायदा एकमेकांची सोबत हा नाही. तिथलं जग बायकांचं आणि पुरुषांचं असं बरंच वेगळं चालतं, आणि जोडप्याला दोन्ही दारं उघडी असतात. पण दुसऱ्या दारातून आत जायला दुसऱ्या माणसाकडे स्वतःचं काम, स्वतःची ओळख लागते. घरी वाट बघणाऱ्याला ते दार उघडत नाही.

खाण्याची काळजी सगळ्यात कमी करा. न्शिमा म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, मलावीत त्याला न्सिमा म्हणतात. हाताने तोडायचा, बोटांनी खळगा करायचा आणि कालवणात बुडवायचा. झांबियात पिठाची २५ किलोची गोणी मिळते: ‘ब्रेकफास्ट’ म्हणजे पांढरं बारीक, ‘रोलर’ म्हणजे जाडसर. आम्हाला रोलर आवडलं, त्याची भाकरीही जमते. भोपळ्याची पानं, रताळ्याची पानं, माठासारखी ‘बोंदवे’, आणि त्यात ‘न्सिंजिरो’ म्हणजे दाण्याचं कूट. मला पहिल्यांदा ही भाजी वाढली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, इतकी ती आजीच्या हातची होती. राजमा-चवळीसारखी कडधान्यं बाजारात असतात. सुकी मासळी, पहिल्या पावसात उडणारी वाळवी आणि त्या भागात उंदीरसुद्धा आवडीने खातात. तुम्ही खात नाही हे आधीच सांगा, ‘चर्चमध्ये चालत नाही’ असं काहीसं समजून घेऊन ते सोडून देतात. पण न्शिमा कधी नाकारू नका. तूरडाळ, हिंग, मोहरी आम्ही महिन्यातून एकदा चिपाटा या जवळच्या शहरातल्या गुजराती दुकानांतून आणायचो. कुकर नक्की न्या, आणि त्याच्या चार रिंगा व सेफ्टी व्हॉल्व्ह जास्तीचे. कोळशावर डाळ शिजवणाऱ्याला कुकरची किंमत कळते.

त्या दुकानांवरून आठवलं. तिथे भारतीयाला ‘म्वेन्ये’ म्हणतात आणि म्वेन्ये म्हणजे व्यापारी, हे ठरलेलं आहे. तुमचं दुकान कुठे, हा प्रश्न आम्हाला शेकडो वेळा आला. त्या प्रश्नामागे कित्येक वर्षांचे अनुभव असतात, काही चांगले, काही कडू. चिडू नका आणि व्यापाऱ्यांपासून स्वतःला वेगळं दाखवायची धडपडही करू नका. त्या दुकानदारांनी आम्हाला आजारपणात गाडी दिली आहे. त्यांच्याच दुकानात नोकराशी बोलण्याची पद्धत मला खटकलीही आहे. दोन्ही खरं आहे. मानधन स्थानिक नर्सच्या पगाराच्या आसपास असतं, त्यातून बचत होत नाही. मोलकरीण ठेवायला आम्ही आधी नकार दिला, स्वावलंबन म्हणून. शेजारी नाराज झाले: मिळकत आहे आणि कोणाला काम देत नाहीत. मग एका विधवा बाईला ठेवलं. माझी चिन्यांजा, म्हणजे तिथली भाषा, खऱ्या अर्थाने तिनेच सुधारली.

नात्यावरच्या ताणाचं विचारलंत. येतो. चोवीस तासांत मराठी बोलायला एकच माणूस असतो, त्यामुळे सगळा राग, सगळी आठवण, सगळी कंटाळवाणी बडबड त्या एकाच माणसावर पडते. आम्ही ठरवलं होतं की घरी आल्यावर चहा होईपर्यंत कामाचं बोलायचं नाही. आणि रविवारी दुपारी दोघांनी दोन वेगळ्या ठिकाणी जायचं. ह्यांनी फुटबॉल बघायला जायचं. १२ फेब्रुवारी २०१२ ला झांबियाने आफ्रिका चषक जिंकला, पेनल्टीवर, गॅबनच्या लिब्रव्हिलमध्ये. त्याच किनाऱ्याजवळ १९९३ मध्ये विमान कोसळून त्यांचा जवळजवळ अख्खा संघ गेला होता. त्या रात्री हे मिस्त्री मंडळींबरोबर बाजारात होते आणि मी वॉर्डात, जिथे रुग्णांचे नातेवाईक गात होते. पहाटे भेटलो तेव्हा दोघांकडेही सांगायला होतं. तुम्हाला मूल नाही, तर त्याबद्दल पहिल्या भेटीतच विचारतील, आणि पुन्हा पुन्हा विचारतील. तिथे आई-बापाला मुलाच्या नावाने ओळखतात, त्यामुळे मूल नसलेल्या जोडप्याला हाक काय मारायची हाच त्यांना प्रश्न पडतो. एक साधं उत्तर दोघांनी मिळून ठरवा आणि दोघांनीही तेच द्या. हा प्रश्न बहुतेक तुमच्या पत्नीलाच झेलावा लागेल, तेव्हा शब्द त्यांनी निवडावेत.

आजाराबद्दल नर्स म्हणून एकच सांगते. ताप आला की त्याच दिवशी मलेरियाची तपासणी. उद्या बघू, असं नाही. मच्छरदाणी रोज, थंडीतही. परत आल्यावर काही महिन्यांत ताप आला तर इथल्या डॉक्टरांना आफ्रिकेतून आलोय हे पहिल्या वाक्यात सांगा. यलो फीवरची लस निदान दहा दिवस आधी घ्या, जायच्या देशाला लागत नसेल तरी वाटेतल्या देशाचा आणि परतताना भारताचा नियम बघा. दात आणि चष्मा इथेच करून घ्या.

आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांचा विचार मोकळेपणाने करून जा. दुसऱ्या वर्षी, पावसात, माझे सासरे गेले. पहाटे फोन आला. लुसाका गाठून, विमान मिळून घरी पोचायला तीन दिवस लागले असते, दहन दुपारी होतं. हे अंगणात बसून राहिले. बातमी कशी पसरली माहीत नाही. आठच्या सुमारास शेजारीण चितेंगे गुंडाळून आली, काही न बोलता आत येऊन जमिनीवर बसली. मग दुसरी, मग निवाऱ्यातल्या दोघी. बाहेर पंपाच्या मिस्त्र्यांनी लाकडं आणून शेकोटी पेटवली आणि ह्यांच्या दोन बाजूंना बसले. कोणी पीठ आणलं, कोणी चार नोटा कागदात गुंडाळून दिल्या. ते रात्रभर बसले. ज्यांनी माझ्या सासऱ्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी त्यांचं नाव विचारून घेतलं आणि प्रार्थनेत नीट उच्चारलं.

तुमच्या पत्राकडे परत येते. नवऱ्याच्या कामाचं स्वरूप तुम्ही दीड पान लिहिलं आहे, पत्नीबद्दल एक ओळ. बँकेत काम केलेल्या व्यक्तीला त्या भागात करण्यासारखं खूप आहे. गावोगावी बायकांचे बचतगट आहेत आणि हिशेबाची वही नीट लिहिणारं माणूस त्यांना हवं असतं. जाण्याआधी संस्थेला दोघांच्या सहीने पत्र लिहा: पत्नी कोणाबरोबर काम करतील, परवाना कोणता, पहिल्या महिन्यात भाषा दोघांनाही शिकवणार का, की फक्त ज्यांना जागा मिळाली त्यांनाच? आम्हाला एकट्या मलाच शिकवली होती. उत्तर आलं की कळवा, मग सामानाची यादी करू.